त्यांना बोलायचं होतं

आमच्या घरातलं आजारपण सगळ्यात आधी पोहेवाल्याच्या लक्षात आलं. सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळ त्याची गाडी आहे. माझे यजमान विलासराव लग्नाच्या आधीपासून रोज सकाळी तिथे तर्री-पोहे खायचे, तेही वरून पुन्हा तर्री मागून, कपाळाचा घाम पुसत. एक दिवस पोहेवाला आमच्या गोदामात आला आणि मला म्हणाला, "वयनी, भाऊची तब्येत बरी नाई का जी? आठवडा झाला, पोह्यावर दही मागून राह्यले." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, वय झालं, आता कुठे माणूस पोटाला जपायला लागला.

मग एका लग्नात पाहिलं, ते बुंदीच्या लाडवाचे चार तुकडे करून खात होते. पूर्वी अख्खा लाडू गालात टाकून त्याच तोंडाने हुकूम सोडणारा माणूस. विचारलं तर म्हणाले, "उष्णता झाली. उन्हाचे दिवस हायेत." तेव्हा पौष महिना चालू होता आणि मी अंगावर शाल घेऊन उभी होते.

दवाखान्यात असताना बाया मला विचारायच्या, ताई, तुम्हाला पहिल्यांदा कसं कळलं? कळलं असं नाहीच. दिसत होतं, पण आम्ही उष्णता म्हणत होतो. गुलकंद झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या, कुणीतरी सांगितलेला जंगलातला पाला झाला. सगळं केलं, डॉक्टर सोडून.

जमते ना जी

हे मंडपवाले. सिंदेवाही, मूल, नागभीड, वैनगंगेपलीकडे आरमोरीपर्यंत कुठेही लग्न असो, साक्षगंध असो, भागवत सप्ताह असो, मंडप आणि बिछायत आमची. लग्न होऊन मी आले तेव्हा यांच्याकडे थोड्या सतरंज्या, बांबू आणि एक बैलबंडी होती. बंडीच्या मागे हे पायी चालायचे आणि पुढच्या गावाला बोलत जायचे. पुढे गोदाम झालं, मेटाडोर आली, जनरेटर आला, सीझनला डझनावारी माणसं कामाला लागली. चालणं तेवढं थांबलं, बोलणं वाढलं.

एकाच मुहूर्तावर तीन गावांची लग्नं घेणारा हा माणूस. मी कपाळाला हात लावायची आणि हे समोरच्याला सांगायचे, "जमते ना जी, काऊन नाई जमत?" आणि जमवायचे. एकदा नवरगावच्या लग्नात झालर कमी पडली. मी संध्याकाळी जेवायला गेले तर स्टेजच्या मागे माझी मोतिया रंगाची साडी चुण्या घालून टांगलेली, शेजारी माझ्या आईने दिलेली जांभळी. वधूची आत्या मला म्हणते, "मंदाताई, डेकोरेशन लय सुंदर केलं हो." काय बोलणार!

खरं सांगायचं तर यांचा धंदा बल्ल्या-कनातींचा, म्हणजे खांब-पडद्यांचा, नव्हताच, तोंडाचा होता. वरबाप रुसला की वधूबाप यांना पुढे करायचा. हे त्याच्या खांद्यावर हात टाकून मंडपाच्या मागे न्यायचे, आणि थोड्या वेळाने दोघं हसत बाहेर यायचे. आत काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही. पण आत जाताना पहिलं काय निघायचं ते सांगू शकते. खर्रा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या आधी खर्रा पुढे होतो. बोलणी खर्र्यावर सुरू होतात, भांडणं खर्र्यावर मिटतात. समोरच्याने दिला आणि तुम्ही घेतला नाही तर त्याला वाटतं, मनात काहीतरी आहे. यांनी दिवसभरात किती जणांचं मन राखलं असेल, त्याचा हिशोब त्यांच्या गालाने ठेवला.

चंद्रपूर

आमची एकुलती एक मुलगी स्नेहल नागपूरला फार्मसी शिकते. ती घरी आली आणि पहिल्याच जेवणाला बापाकडे बघत बसली. म्हणाली, "बाबा, तीन बोटं उभी करून तोंडात घाला." यांनी हसत हसत हात उचलला. एक बोट गेलं, दुसरं अडकलं. ती ताटावरून उठली आणि मारोतीला फोन लावला, उद्या सकाळी गाडी काढ म्हणून. मारोती म्हणजे आमच्या माणसांचा मुकादम. बैलबंडीच्या दिवसांपासून यांच्याबरोबर.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. बाहेर बाकावर बसलो असताना मी फाइलच्या नाडीला गाठी मारत आणि सोडत होते, आणि हे शेजारच्या कोरपन्याच्या माणसाशी त्याच्या पुतणीच्या लग्नाची जागा, पाण्याची सोय, वऱ्हाडाची संख्या बोलत होते. आमचं नाव पुकारलं तेव्हा ऑर्डर जवळजवळ ठरली होती.

डॉक्टर भले होते. त्यांनी कॅन्सर हा शब्द सरळ उच्चारला, आडपडदा ठेवला नाही. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल, जबड्याचा भाग काढावा लागेल, लवकर करा, म्हणाले. यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग विचारलं, "साहेब, आता लग्नाचा सीझन हाये. सीझन झाल्यावर केलं तर जमते का?"

"नाही जमत, विलासराव."

बाहेर आल्यावर यांचा हात सवयीने खिशात गेला. पन्नी निघाली. मारोतीचाही हात सवयीने पुढे आला. आणि दोघं तसेच उभे राहिले, एकाच्या हातात खर्रा, दुसऱ्याचा हात पसरलेला. पन्नी परत खिशात गेली. ती कधी फेकली मला माहीत नाही, पण त्यानंतर दिसली नाही.

मी काय केलं? समोरच्या गाडीवरून दोन किलो संत्री घेतली. ज्याचं तोंड उघडत नाही त्याच्यासाठी संत्री! घरी येईपर्यंत ती पिशवी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. तुमच्या घरी असा दिवस आला तर तुम्हीही असलंच काहीतरी कराल. लाजू नका.

दवाखान्याच्या फाटकावरचा मंडप

ऑपरेशन मोठं झालं. डाव्या बाजूचा जबडा गेला, छातीचं मांस काढून गालाला लावलं. नाकातून पोटात नळी. पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा मी दुसऱ्याच खाटेपाशी जाऊन उभी राहिले. यांनी हात हलवला म्हणून ओळखलं.

दवाखान्याचे दिवस सारखेच असतात. सकाळी पुसणं, पट्टी, डॉक्टरांची फेरी, मग सिरिंजने नळीतून दूध, दोन तासांनी डाळीचं पाणी, पुन्हा दूध. लाळ गळते, रुमाल कमी पडतात. जुनी सुती धोतरं फाडून न्या, विकतचे रुमाल कामाचे नाहीत. एवढा एक सल्ला मी छातीठोकपणे देऊ शकते. बोलता येत नव्हतं म्हणून स्नेहलने पाटी आणली होती. यांचं अक्षर आधीच दिव्य, त्यात झोपून लिहिलेलं. मी वेगळंच वाचायची आणि हे रागाने पाटीवर पेन्सिल आपटायचे.

वॉर्डात एकालाच थांबू देत. बाकीचे नातेवाईक फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत, उन्हात, भिंतीच्या सावलीमागे सरकत सरकत दिवस काढायचे. आमची माणसं एक दिवस भेटायला आली. मेटाडोर भरून आली. आत सोडेनात म्हणून बाहेर थांबली. आणि मंडपवाल्याला माणसं उन्हात बसलेली बघवत नाहीत, त्याला इलाज नाही. गाडीत आदल्या दिवशीच्या लग्नाचं सामान होतंच. मारोतीने चौकीदाराला विचारलं, त्याने ज्याला विचारायचं त्याला विचारलं, आणि दुपार व्हायच्या आत फाटकाशेजारी लाल-पिवळ्या कापडाचा, झालर लावलेला मंडप उभा राहिला. खाली सतरंज्या टाकल्या. कुठल्या कुठल्या गावची माणसं तिथे येऊन पाठ टेकून बसली.

यांची खाट खिडकीजवळ होती. मी यांना उठवून दाखवलं. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. यांनी पाटी मागितली आणि लिहिलं: डावीकडची बल्ली तिरपी आहे.

तेवढ्यात माझी नणंद, ताराबाई, ब्रह्मपुरीहून आली. यांची आई लवकर गेली, ताराबाईनेच यांना वाढवलं. ती ऑटोतून उतरली तर समोर आमचा मंडप, आमची माणसं, आणि मारोती डोक्याला उपरणं बांधून उभा. आमच्याकडे दारात मंडप दोनच वेळा पडतो, लग्नाला रंगीत आणि मरणाला पांढरा. कापडाचा रंग बघायचं भान तिला कुठलं! तिने तिथेच फाटकात बसून हंबरडा फोडला. "माह्या विलास गेला वो!" तिच्या रडण्याने मंडपातल्या चार अनोळखी बायाही रडायला लागल्या. मारोती जीव तोडून सांगतोय, "बाई, भाऊ जिता हाये जी! सावलीसाठी टाकला मंडप!" तिला ऐकूच येत नव्हतं. शेवटी त्याने वर खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत हे, नळीसकट, दोन्ही हात हलवत.

ताराबाईने डोळे पुसले आणि पहिल्यांदा मारोतीच्या पाठीत एक धपाटा घातला. त्या दिवशी हे हसले. टाके ताणले म्हणून नर्स रागावली. ऑपरेशननंतरचा तो चेहरा मला पहिल्यांदा त्यांचा वाटला, तो त्या हसण्यात.

घरी

किरणांचे शेक झाले. गळा आतून भाजला, वजन उतरलं. नळी राहिली. आम्ही त्यांच्यापासून लपून स्वयंपाकघरात जेवायचो, तर त्यांनी हे ओळखलं आणि ताटं बाहेर आणायला लावली. मंडपवाला सगळ्या पंगती उठल्यावर जेवतो, दुसऱ्याला जेवताना बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी वांग्याची भाजी कालवायची आणि हे समोर बसून बघायचे, "आणखी घे" म्हणून हाताने खुणावायचे.

बोलणं मात्र त्यांनी परत कमावलं. आरशासमोर बसून पुन्हा पुन्हा. प, ब, म सांडून जायचे. पहिल्यांदा घरच्यांनाच कळायचं. फोनवर गिऱ्हाईक आलं की हे बोलायचे आणि मी शेजारी बसून मराठीचं मराठी करून सांगायची. कधी कधी मी माझ्या मनाचा आकडा सांगायची, तेव्हा मांडीवर चिमटा बसायचा.

भेटायला लोक यायचे. ओसरीवर बसून हळहळायचे, "काय झालं जी भाऊले," आणि बोलता बोलता हात खिशात, पन्नी बाहेर, घोटणं चालू. त्यांच्या ध्यानातही यायचं नाही. मला संताप यायचा. यांनी वेगळाच उपाय काढला. येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या आधी तीन बोटं तोंडात घालायला लावायची. सरपंच असो, गावचा जावई असो. मारोतीची दोनच गेली. यांनी त्याला त्याच दिवशी माझ्याबरोबर चंद्रपूरला पाठवलं. त्याचं वेळेत होतं, सवय सुटली तर सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर यांनी त्याच्या दोन्ही गालांना हात लावून पाहिलं. मारोती ओसरीवरच रडला.

नाई

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मानेत गाठ आली. या वेळी आम्ही उष्णता म्हणालो नाही. दुसऱ्याच दिवशी नागपूर.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आणखी एक ऑपरेशन करता येईल. जीभ जवळजवळ सगळी जाईल. श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र राहील. काही काळ मिळेल, किती ते कुणी सांगू शकणार नाही.

यांनी विचारलं, "बोलता येईन?"

डॉक्टरांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग नाई."

मला वाटलं, घाबरून म्हणाले असतील. गाडीत समजावलं, घरी समजावलं. स्नेहलने रडून पाहिलं. ताराबाई येऊन राहिली, देवाच्या शपथा घातल्या. हे ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. एका दुपारी माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मले तुमी मुके चालले असते. खाटेवर पडून राह्यले असते तरी चालले असते. मले फक्त तुमी पायजे."

त्यांनी गळणारी लाळ रुमालाने टिपली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुले चाललो असतो वो. मले कसा चालन मी?"

ताराबाई जाताना मला दारात म्हणाली, "तुनं जोर लावला असता तर तो आयकला असता. थकली असशीन तू करून करून." हे वाक्य मी गिळलं, पण ते अजून खाली उतरलेलं नाही. आजारपणात घरचे लोक एकमेकांना असं काहीतरी बोलतातच. बोलणाऱ्याचं दुःख असतं ते, हे मला डोक्याने कळतं. मन अजून ऐकत नाही.

मी यांच्याशी अबोला धरला. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि रडूही. ज्या माणसाने बोलण्यासाठी जीव पणाला लावला, त्याच्याशी अबोला! नळीतून पेज द्यायची, तोंड पुसायचं, कपडे बदलायचे, सगळं करायची, पण चकार शब्द काढायची नाही. मला राग आला होता, खरा राग. मला वाटत होतं, या माणसाने माझ्यापेक्षा आपल्या जिभेला निवडलं.

एक दिवस मी मिक्सरमधून काढलेली पेज गाळत होते. हे भिंत धरत स्वयंपाकघरात आले, स्टुलावर बसले.

"मीठ टाकलं का?"

नळीतून सरळ पोटात जाणाऱ्या पेजेत मीठ! मी न राहवून म्हटलं, "तुमाले काय चव लागते?"

"टाक. पोटाले समजते."

मी मीठ टाकलं. आणि मग ओट्याला धरून जी रडले, ती बराच वेळ रडले. हे पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला कळेल न कळेल असं काहीबाही बोलत राहिले.

मग ते बोलले

दुखण्यावरचं औषध चंद्रपूरच्या त्याच डॉक्टरांनी लावून दिलं. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते: ऑपरेशनला नाही म्हटलं तरी डॉक्टर हात झटकत नाहीत, दुखणं कमी करण्याचं औषध असतं, मागायला संकोच करू नका.

आणि हे बोलले. सकाळी उन्हात खाट टाकली की सुरू. मला सांगितलं, कोणत्या गावची जागा उतरती आहे, कुठे बल्लीला दगड लावावा लागतो, कोणता वधूबाप आधी भांडतो आणि नंतर पाया पडतो. स्नेहलला तिच्या जन्माच्या दिवसाची गोष्ट सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. मी बाळंतपणाच्या खाटेवर होते तेव्हा हे दवाखान्यामागे जाऊन एकटेच नाचले होते म्हणे. ताराबाईला फोन लावून लहानपणच्या तिच्या मारावरून चिडवलं. ती तिकडून रडत हसली. मंडपामागे नेऊन वरबापाला काय सांगायचे, तेही शेवटी एकदा सांगितलं. ते मी लिहिणार नाही, मला आता धंद्यात लागतं.

गाठ वाढत गेली तशी जीभ जड झाली. आधी बाहेरच्यांना कळेनासं झालं, मग मारोतीला, मग स्नेहलला. शेवटी मीच उरले. मी डोळ्यांवरून, हातावरून अंदाज बांधायची आणि लोकांना सांगायची, हे असं म्हणतात. बरोबर असलं की पापणी मिटायचे.

धान कापणीचे दिवस होते. त्या सकाळी अंगणात ऊन चांगलं पडलं होतं. मी तोंड पुसून उठणार, तर यांनी मनगट धरलं आणि एक अख्खं वाक्य बोलले. लांबलचक वाक्य. मध्ये दोनदा थांबून दम घेतला. शेवटाला आवाज वर गेला, म्हणजे काहीतरी विचारलं असावं. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. पुन्हा म्हणा, असं म्हणवेना, इतका त्यांना दम लागला होता. ते माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी पापणी मिटली. मनगट सोडलं नाही. उन्हं डोक्यावर यायच्या आत ते गेले.

सगळ्यांनी विचारलं, शेवटी काय म्हणाले? मी खरं तेच सांगितलं. काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, मी हो म्हटलं. स्नेहलला ते सहन झालं नाही. मलाही होत नाही. पण जीभ कापू दिली असती तर त्यांनी मला काही विचारलंही नसतं.

कशाला हो म्हटलं ते मला आजही माहीत नाही. म्हणून मी कशालाच नाही म्हटलेलं नाही. मेटाडोर चालू आहे, सीझनला मी स्वतः पुढे बसून जाते. स्नेहलने मध्ये कॉलेज सोडायचं काढलं होतं, तिला परत नागपूरला पोचवलं. मारोती कुरकुरतो, तरी त्याला वरचेवर चंद्रपूरला नेते. ताराबाईला दिवाळीला बोलावते, मनात काटा असला तरी. आणि संध्याकाळी ताट वाढून, नीट बसून, पोटभर जेवते. यातलं एखादं तरी त्यांनी विचारलं असेल.